हारिमाच्या टेकडीभोवतीचे वलय

पश्चिम जपानमधील हिमेजी हे शहर तेथील शुभ्र किल्ल्यामुळे जगाला ठाऊक आहे. पांढऱ्या बगळ्याची उपमा लाभलेला तो किल्ला पाहून बहुतेक प्रवासी माघारी वळतात. तेथून पश्चिमेला थोड्याच अंतरावर आयोई हे रेल्वेस्थानक आहे. स्थानकाबाहेर डोंगराकडे जाणारी बस मिळते. भाताची खाचरे मागे पडतात, रस्ता वळणे घेत चढू लागतो, दोन्ही बाजूंनी झाडी दाटते आणि मग अचानक रुंद, स्वच्छ, जवळजवळ निर्मनुष्य रस्त्यांची एक वसाहत समोर येते. हीच हारिमा सायन्स गार्डन सिटी. येथे ना मंदिर आहे, ना बाजारपेठ. येथे एका टेकडीला कडे घालावे तशी एक वर्तुळाकार इमारत उभी आहे. तिचे नाव ‘स्प्रिंग-८’.

१९९७ साली कार्यान्वित झालेले हे यंत्र म्हणजे सिंक्रोट्रॉन. त्यातील वलयाचा परिघ १,४३६ मीटर आहे. आपल्या पंढरीच्या वारीतील एखाद्या रिंगणाची कल्पना करावी. येथे मात्र अश्वाऐवजी इलेक्ट्रॉन धावतात आणि तेही जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने. चुंबकांच्या साहाय्याने त्यांची वाट वळवली, की त्या वळणावर अतिशय प्रखर क्ष-किरण बाहेर पडतात. वलयाला स्पर्शून निघालेल्या अनेक सरळ वाटांनी हे किरण निरनिराळ्या प्रयोगकक्षांत नेले जातात. एक वाट तर इमारतीबाहेर पडून दोनशे मीटरहून अधिक लांब जाते. तेवढ्या अंतरात किरणांचा झोत रुंद होतो आणि जवळजवळ समांतर राहतो. वैद्यकीय प्रतिमांसाठी असा झोत फार सोयीचा असतो.

सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याला या ठिकाणाचे आकर्षण वाटले, ते याच लांबलचक वाटेमुळे. जपानी आणि ब्रिटिश संशोधकांनी तिच्या टोकाशी डोळ्यातील भिंगाचा अभ्यास केला. आपल्या दवाखान्यात आजी-आजोबा ज्याला ‘डोळ्यात पडलेला मोती’ म्हणतात, त्या मोतीबिंदूचे घर म्हणजे हेच भिंग.

भिंगाचा अभ्यास अवघड का, हे समजून घेण्यासारखे आहे. भिंग एकसंध काचेसारखे नसते. त्याच्या कडेला प्रकाश कमी वाकतो, मध्यभागी अधिक वाकतो. भौतिकशास्त्राच्या भाषेत, कडेचा अपवर्तनांक सुमारे १.३७ ते १.३८ असतो आणि मध्याशी तो सुमारे १.४२ पर्यंत चढतो. हा चढ मोजायचा, तर पूर्वी भिंग डोळ्यातून काढावे लागे किंवा त्याचे काप करावे लागत. मऊ वस्तू कापली, की तिचा आकार बदलतो आणि मोजमापही बदलते.

साध्या सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण शरीरातून जाताना किती शोषले गेले, एवढेच पाहिले जाते. हाड आणि मांस यांतील फरक त्यातून उत्तम कळतो. भिंगाच्या एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंतचा सूक्ष्म फरक मात्र त्यात हरवतो. हारिमा येथे संशोधकांनी वेगळी युक्ती वापरली. अतिसूक्ष्म रेघांच्या दोन जाळ्या किरणांच्या मार्गात ठेवल्या. भिंगातून जाताना किरणांना जो किंचित कल मिळतो, त्यामुळे जाळ्यांनी उमटणारी नक्षी सरकते. नेत्रगोल थोडा थोडा फिरवत अशा असंख्य प्रतिमा घ्यायच्या आणि सीटी स्कॅनप्रमाणेच संगणकाने त्यांची मांडणी करायची. मग भिंगाला धक्काही न लावता, ते नेत्रगोलात असतानाच, त्याच्या प्रत्येक बिंदूचा अपवर्तनांक मिळतो. प्राण्यांच्या डोळ्यांबरोबरच माणसांनी मृत्यूनंतर दिलेले डोळेही या पद्धतीने तपासले गेले. त्यांत सोळा वर्षांच्या व्यक्तीपासून नव्वदी ओलांडलेल्या व्यक्तीपर्यंतचे डोळे होते.

या प्रतिमांचा अर्थ समजण्यासाठी भिंगाचा स्वभाव ठाऊक हवा. आपली त्वचा झडते आणि नवी येते, रक्तातील पेशी बदलतात. भिंग मात्र काहीच टाकून देत नाही. नवे तंतू बाहेरून चढत राहतात आणि जुने आत दडपले जातात. आईच्या उदरात असताना तयार झालेले तंतू सत्तराव्या वर्षीही भिंगाच्या गाभ्यात तसेच असतात. झाडाच्या खोडातील वर्तुळांप्रमाणे आपले सारे आयुष्य तेथे थरांनी साठत जाते. या थरांना रक्तपुरवठा नाही आणि गाभ्यातील पेशींना नवी प्रथिने घडवता येत नाहीत. जन्मापूर्वी मिळालेली शिदोरीच आयुष्यभर पुरवायची असते. उन्हातील अतिनील किरण, मधुमेह, धूम्रपान, स्टेरॉइड औषधांचा दीर्घ वापर आणि वाढते वय यांमुळे ही प्रथिने बिघडतात, त्यांच्या गाठी बनतात आणि प्रकाश आरपार जाण्याऐवजी विखुरतो. यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो.

इतके समजले, की घरोघरी विचारल्या जाणाऱ्या काही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. ‘मोतीबिंदू विरघळवणारे थेंब आहेत का?’ आजवर असे कोणतेही थेंब खात्रीने उपयोगी ठरलेले नाहीत. अनेक दशकांचे थर पुन्हा नितळ करणे किती कठीण आहे, हे भिंगाच्या या रचनेवरूनच ध्यानात यावे. गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय. ‘मोतीबिंदू पिकू द्यावा का?’ ही जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातील समजूत आहे. आता वाचन, स्वयंपाक, जिना उतरणे, रात्री उठून न्हाणीघरात जाणे यांत अडचण येऊ लागली, की नेत्रतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. फार पिकलेला मोतीबिंदू कठीण होतो आणि शस्त्रक्रियाही अवघड होते. आपल्या देशात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे आहे. हे अंधत्व दूर करता येण्याजोगे असल्याने त्याची खंत अधिक वाटते.

स्कॅनच्या या युगात आणखी एक प्रश्न हमखास येतो. ‘डॉक्टर, सीटी काढून मोतीबिंदू किती आहे ते बघू या का?’ त्याची गरज नाही. हारिमाचा प्रखर झोत जिवंत डोळ्यावर सोडता येत नाही. तो केवळ प्रयोगशाळेसाठी आहे. रुग्णालयातील सीटी यंत्र मोतीबिंदूची प्रत ठरवू शकत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञांच्या टेबलावरील स्लिट लॅम्प पुरेसा असतो. नव्या भिंगाचा क्रमांक ठरवण्यासाठी प्रकाशाने किंवा ध्वनिलहरींनी डोळ्याची लांबी मोजतात. मोतीबिंदू इतका दाट असेल की मागचा पडदा दिसतच नाही, तर डोळ्याची सोनोग्राफी करतात. डोळ्याला जोराचा मार लागला असेल, आत धातूचा कण गेल्याची शंका असेल किंवा भिंग जागेवरून सरकले असेल, तर मात्र सीटीचा खरा उपयोग होतो.

याच्या उलट भीतीही मी पाहतो आणि ती अधिक घातक आहे. क्ष-किरणांनी मोतीबिंदू होतो असे कोठेतरी वाचलेले असते. मग घरातील वृद्ध घसरून पडले, डोक्याला मार लागला, तरी नातेवाईक सीटीला नकार देतात. क्ष-किरणांच्या मोठ्या मात्रेने भिंगाला इजा होते, हे खरे. २०११ साली किरणोत्सर्ग-संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने भिंगासाठी धोक्याची पातळी खाली आणून सुमारे ५०० मिलिग्रे मानली. क्ष-किरणांखाली वर्षानुवर्षे काम करणाऱ्या डॉक्टरांना व तंत्रज्ञांना शिशाच्या काचेचा चष्मा सुचवतात, तो यासाठीच. डोक्याच्या एका सीटीत भिंगाला साधारण काही दहा मिलिग्रे इतकीच मात्रा मिळते. शक्य असेल तेव्हा डोळे थेट झोतात येणार नाहीत असे तंत्रज्ञ पाहतात. म्हणून विनाकारण वारंवार स्कॅन करू नये. मात्र डोक्याला मार लागलेल्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धाचा डॉक्टरांनी सांगितलेला सीटी कधीही टाळू नये. मेंदूभोवतीचा रक्तस्राव वाट पाहत नाही.

हारिमाहून परतताना बसच्या खिडकीतून ते वलय झाडीआड जाईपर्यंत दिसत राहते. सिंक्रोट्रॉन आपल्याकडेही आहे. मराठी माणसाला जवळच्या असलेल्या इंदूरला ‘इंडस-२’ हे यंत्र चालते. मात्र यंत्र कितीही थोर असले, तरी भिंगाचे हे ज्ञान मिळाले ते कुणीतरी मरणोत्तर डोळे दिले म्हणून. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांनाही नेत्रदान करता येते, कारण रोपणासाठी उपयोगी पडते ते डोळ्याच्या पुढचे पारदर्शक पटल. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवावे, तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके थोडे उंच ठेवावे. घरातील थोरांनी आपली इच्छा मुलांना आजच सांगून ठेवावी आणि जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक दूरध्वनीशेजारी लिहून ठेवावा.