दिवे मालवण्याची वेळ

नाताळ जवळ आला की आमच्या वसईच्या वाडीत बांबूच्या कामट्या तासण्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. आता बाजारात तयार प्लास्टिकचे तारे मिळतात; तरीही काही घरांनी जुनी रीत सोडलेली नाही. आमचे घर त्यांपैकीच एक. कामट्यांचा पंचकोनी तारा बांधावा, त्यावर खळीने पतंगी कागद डकवावा, आत एक दिवा सोडावा आणि ओसरीसमोरच्या माडाला तो टांगावा, हा नेम आम्ही उभयतांनी लग्नानंतर एकाही नाताळात चुकवला नव्हता. हे काम पैसे मोजून परक्याकडून करून घेता येते, हे आम्हांला कळले ते 2018 साली, घरापासून हजारो मैलांवर, पॅसिफिक महासागरातील एका बेटावर.

हवाई बेटांचे नाव आपल्या वाचकांना संत डेमियन यांच्यामुळे परिचित आहे. 1864 साली होनोलुलू येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली, 1873 साली ते कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी मोलोकाई बेटावर गेले आणि 1889 साली तेथेच त्यांनी देह ठेवला. त्याच द्वीपमालेत वायव्येला काउआई नावाचे हिरवेगार बेट आहे. आमचे चिरंजीव तेथील एका हॉटेलात नोकरीला होते. त्यांच्या व सूनबाईंच्या आग्रहावरून आम्ही त्या वर्षीचा नाताळ तेथे करावयाचे ठरविले. हे बेट आपल्या वसईहून जेमतेम तीन अंश उत्तरेला. तोच माड, तीच केळ, तीच खारी हवा. बर्फाचा मागमूस नाही. आम्हांला परदेशी आल्यासारखे वाटेचना.

आगमनकाळाच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी चिरंजीव म्हणाले, "बाबा, आज दिवे लावणारी माणसं येणार आहेत." लावणे, जानेवारीत तीन राजांच्या सणानंतर उतरवणे आणि वर्षभर सांभाळून ठेवणे, या सर्वांचे मिळून सातशे डॉलर. आम्ही मनातल्या मनात सत्तरने गुणाकार केला आणि गप्प बसलो. ज्या हातांनी पोराला बोट धरून तारा बांधायला शिकवले, ते हात अजून धड असताना घराच्या दारी दिवा लावायला कंत्राटदार यावा, याचे आम्हांला वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे.

शिडी घेऊन जो गृहस्थ आला तो पन्नाशीचा, फिलिपिनो वंशाचा. 1906 सालापासून उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी फिलिपिन्समधून जी माणसे हवाईत आणली गेली, त्यांपैकी एकाचा तो नातू. त्याने येताच आम्हांला "अंकल, आंटी" अशी हाक मारली. त्या बेटांवर वडीलधाऱ्यांना, ओळख असो वा नसो, असेच संबोधतात हे पुढे समजले. त्या क्षणी मात्र आपल्याच आळीतला मुलगा भेटल्यासारखे वाटले.

दिवसभर आम्ही त्याचे काम न्याहाळीत होतो. खोड काढावी या हेतूने बसलो होतो, पण शिकलोच अधिक. समुद्रावरून बारमाही वाहणारे ईशान्य व्यापारी वारे हवेत मीठ आणतात, ते तांब्याच्या तारेवर आणि दिव्याच्या खोबणीत बसते आणि दोन वर्षांत सारे हिरवट पडून गळून जाते. जुने दिवे तापत, त्यामुळे खोबणीतला ओलावा सुकून जाई. नवे एलईडी दिवे थंड राहतात, म्हणून ओल आतच मुरते. यास्तव तो एकसंध, पूर्ण बंद दिवेच वापरी आणि पाणी निथळावे म्हणून त्यांचे तोंड खाली ठेवी. लोखंडी खिळा त्याच्या पिशवीत नव्हता. माडाला दिवे गुंडाळताना त्याने ते सैल बांधले. "माडाला खिळा ठोकला तर ती जखम जन्मात भरून येत नाही," तो म्हणाला. हे आम्हां वाडीवाल्यांना का ठाऊक नाही? तरीही आमच्या स्वतःच्या माडाला चाळीस वर्षांपूर्वी ठोकलेला खिळा आम्हांला आठवला आणि आम्ही मान खाली घातली. वीज जमिनीत झिरपू लागली तर क्षणात प्रवाह तोडणारे उपकरण त्याने भर पावसाळी सर येऊन गेल्यावर स्वतः तपासून दाखविले. डिसेंबर हा तेथे पावसाचा महिना. बेटाच्या मध्यावरचे वाइआलेआले शिखर तर जगातील सर्वांत ओल्या ठिकाणांत गणले जाते.

आमचा बांबूचा तारा पाहून त्याचे डोळे लकाकले. त्याच्या आजोबांच्या देशातही नाताळात बांबू आणि कागदाचा असाच तारा करतात. त्याला 'पारोल' म्हणतात. त्याने तो ओसरीत, पन्हळीच्या आत, स्वतःच्या हाताने टांगला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

जाताना त्याने एक अट सांगितली. पंधरा डिसेंबरपर्यंत रात्री आठला दिवे बंद झाले पाहिजेत. घड्याळाची कळ तशी लावून ठेवली आहे. कारणही सांगितले. डोंगरातल्या बिळांत 'आओ' आणि 'उआउ' नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. जोडपे वर्षाला एकच अंडे घालते. सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत त्यांची पिल्ले रात्री एकटीच, आयुष्यात प्रथमच, समुद्राकडे झेपावतात. वाट दाखवायला चंद्र आणि तारे एवढेच. मध्ये माणसाचे दिवे दिसले की ती भोवंडतात, दिव्याभोवती फिरून फिरून थकतात आणि पडतात. सपाट जमिनीवरून त्यांना पुन्हा उडता येत नाही. मग मांजर, कुत्रे, नाहीतर मोटारीचे चाक. 1993 ते 2013 या वीस वर्षांत काउआईवरील आओंची संख्या 94 टक्क्यांनी घटली. 2010 साली शाळांचे रात्रीचे फुटबॉल सामने या पिल्लांसाठी दिवसा खेळविण्यात आले होते.

आम्ही हे सारे ऐकले. ऐकणे आणि मनावर घेणे यांत मात्र अंतर असते.

सहा डिसेंबर, संत निकोलसचा दिवस. मुलगा आणि सून दोघेही रात्रपाळीला. आठ वाजले आणि घर एकाएकी काळोखात बुडाले. अमावास्येची रात्र होती. परक्या देशातला तो काळोख आम्हांला सोसवेना. वसईत नाताळच्या दिवसांत तारा रात्रभर तेवतो. एका रात्रीने काय होणार? आम्ही कळ फिरवली. छपराची कड, माड, सारे पुन्हा उजळले. आम्ही ओसरीत बसून घरच्या आठवणी काढल्या आणि समाधानाने झोपलो.

पहाटे कुंपणाच्या जास्वंदीखाली काहीतरी धडपडत होते. कावळ्याएवढा पक्षी, पाठ काळपट, पोट पांढरे, डोक्यावर अजून पिलाची लव. पायांना पडदे. तो चोच उघडून आमच्याकडे बघत होता. समुद्र त्याला तेथून दिसत होता, पण तेथवर जाता येत नव्हते.

चिरंजीव आले, त्यांनी पाहिले, आणि ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेल घालून आम्ही पिलाला अलगद ठेवले आणि अग्निशमन केंद्रावर नेले. 1979 सालापासून त्या बेटावर अशी पिल्ले वाचविण्याचे कार्य चालू आहे. सापडलेला पक्षी आणून ठेवण्यासाठी अग्निशमन केंद्रांवर खुराडी ठेवलेली असतात, आणि आजवर तीस हजारांहून अधिक पक्षी अशा रीतीने हाती आले आहेत. तेथील जवानाने कागदावर ठिकाण व वेळ लिहून घेतली. दिव्यांविषयी त्याने विचारले नाही, आम्हीच सांगितले. तो म्हणाला, "अंकल, रस्त्यावरही दिवे आहेत. कोणत्या दिव्याने पडला, कोण सांगणार?" त्याचा हेतू चांगला होता. पण कळ आम्ही फिरवली होती.

दोन दिवस आम्हांला जेवण गोड लागले नाही. संत मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष ताऱ्याच्या मागे चालत येतात. आमचा तारा हा त्याच ताऱ्याची खूण, असे आम्ही पोरांना आजवर सांगत आलो. त्या रात्री आमच्या दिव्यांनी एका वाटसरूला खरा तारा दिसू दिला नसेल, ही शंका मनातून जाईना. तिसऱ्या दिवशी फोन आला: पक्षी धडधाकट होता, त्याला समुद्राकाठच्या कड्यावरून सोडले आणि तो उडाला.

पंधरा तारखेपर्यंत मग आम्ही आठ वाजता स्वतः ओसरीत उभे राहून दिवे मालवताना पाहत असू. आगमनकाळ म्हणजे वाट पाहण्याचा काळ, हे दर वर्षी प्रवचनात ऐकतो. काळोखात बसून वाट पाहण्याचा प्रसंग मात्र तेव्हाच आला. डोळे सरावले की त्या काळोखात तारे किती दिसत! सोळा तारखेपासून तेथील फिलिपिनो बांधवांच्या पहाटेच्या नऊ मिस्सा सुरू झाल्या आणि दिव्यांवरची अटही सुटली. दिवे लावणारा गृहस्थ देवळात भेटला. आम्ही घडले ते त्याला सांगितले. त्याने आमचा हात हातात घेतला आणि विचारले, "पारोल कसा आहे, अंकल?"

आता आम्ही पुन्हा वसईत आहोत. तारा आजही आम्हीच बांधतो. माडातला तो जुना खिळा मात्र खोडात तसाच आहे. तारा आता दोरीने सैल बांधून टांगतो. आणि रात्रीचे जेवण, जपमाळ झाली की तो मालवतो. शेजारी थट्टेने विचारतात, विजेचे बिल फार आले की काय? आम्ही हसतो आणि त्यांना अंगणात बोलावून वर बघायला सांगतो.