आरशातली पाहुणी

चिमणा एकदा आरशाशी भांडू लागला, की त्याला आवरणे कठीण. विणीच्या दिवसांत आपल्या घरट्याच्या आसपास दुसरा चिमणा त्याला खपत नाही. आणि हा समोरचा तर असा हट्टी, की चोचीला चोच भिडली तरी तसूभर मागे सरत नाही! घरातील मंडळी हसतात आणि 'पाखरूच ते, त्याला काय कळणार' असा निकाल देऊन मोकळी होतात.

या निकालाला शास्त्रीय कसोटी गॉर्डन गॅलप यांनी १९७० साली दिली. त्यांनी चिंपांझींना बेशुद्ध करून त्यांच्या भुवईवर व कानावर तांबडा रंग लावला. शुद्धीवर आल्यावर ती जनावरे आरशात पाहून स्वतःच्याच अंगावरील डाग चाचपू लागली. तेव्हापासून 'मी' असल्याचा दाखला आरशाकडून आणण्याचा प्रघात पडला.

पाखरांनाही पुढे या परीक्षेला बसविण्यात आले. जर्मनीत हेल्मुट प्रायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅगपाय या कावळ्याच्या कुळातील पक्ष्यांच्या गळ्यावर, आरशाखेरीज दिसणार नाही अशा जागी, रंगीत टिकली चिकटविली. काहींनी आरशात पाहून ती काढण्याची खटपट केली. काळ्या पिसांवर काळीच टिकली लावली, तेव्हा मात्र तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. हे २००८ साली प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तसा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी आपल्याकडील गावकावळ्यांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष मात्र कावळ्यांच्या बाजूने लागला. आमच्या अंगणातील कावळ्याचा एकंदर तोरा पाहता मला त्याचे नवल वाटले नाही.

परंतु मला खटकते ते हे, की परीक्षक आम्हीच आणि आरसाही आमचाच. आपला चेहरा रोज न्याहाळण्याची हौस माणसाची. पाखराचा बहुतेक संसार आवाजावर चालतो. अमेरिकेत आढळणाऱ्या, डोक्यावर पांढरे पट्टे असलेल्या एका गाणाऱ्या पक्ष्याच्या मेंदूत डॅनियल मार्गोलिॲश यांना १९८३ साली अशा पेशी आढळल्या, की ज्या त्याच जातीच्या इतर पक्ष्यांच्या गाण्यापेक्षा त्या पक्ष्याच्या स्वतःच्या गाण्याला अधिक जोराने प्रतिसाद देत. एवढ्यावरून तो पक्षी मनाशी 'हा मी' म्हणतो, असे सिद्ध होत नाही, हे खरे. पण गळ्यावरच्या टिकलीहून ही खूण मला अधिक जवळची वाटते.

तसे वाटण्यास कारण आहे. माझी आत्या अखेरच्या दोन वर्षांत स्मृतिभ्रंशाने ग्रासली होती. कपाटाच्या आरशात दिसणारी म्हातारी ही कोणी पाहुणी आहे, अशी तिची समजूत. "बसा हो, उभ्या का?" असे ती आर्जवाने म्हणे आणि पाहुणी बसेना, म्हणून खट्टू होई. गॅलपसाहेबांच्या कसोटीस ती खचित उतरली नसती. पण दुपारी तांदूळ निवडताना ती एखादी जात्यावरची ओवी गुणगुणू लागे. एखादा स्वर चिरकला, की हात थांबे, कपाळाला आठी पडे. "आवाज बसलाय मेला माझा," असे पुटपुटून ती घसा खाकरी आणि तीच ओवी पहिल्यापासून म्हणू लागे.