‘येतो मी’

बेळगावजवळच्या कंग्राळी बुद्रुकच्या आमच्या घरी दिवेलागणीनंतर इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला उघडून बसले म्हणजे वडील प्रथम ‘कर्ता कोण?’ असे विचारीत, आणि तो तृतीयपुरुषी एकवचनी निघाला की क्रियापदास ‘एस’ जोडण्याचा हुकूम सुटे. ‘आय’, ‘यू’, ‘दे’ या सर्वांस सरसकट ‘गो’ची मुभा असताना एकट्या ‘ही’ आणि ‘शी’ यांच्यामागेच ही पुरवणी का, याचा उलगडा होत नसे. विसर पडला तर मात्र वहीवर तांबडी रेघ ठरलेली.

त्याच सुमारास आई घागर कमरेवर घेऊन ‘पाण्याला जाऊन येतो मी’ म्हणत उंबरा ओलांडी. ‘येते’ नव्हे, ‘येतो’. आमच्या मुलखातल्या बायका असेच बोलतात, आणि मीही बोलत असे. पुढे शिक्षणासाठी पुण्यास गेले तेव्हा एका अध्यापिकेने भर वर्गात उभे करून ‘येते’ हे रूप माझ्याकडून दहा वेळा वदवून घेतले, आणि त्या दिवसापासून आईला पत्र लिहितानासुद्धा माझी लेखणी त्या एका अक्षरापाशी अडखळू लागली.

१९५६ साली आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला, त्याचे शल्य माझ्या पिढीने उराशी बाळगले आहे. तथापि विहिरीवरची कानडी शेजारीण ‘होगि बरुत्तेने’ म्हणून निघे, तेव्हा ती ‘जाऊन येतो’ हेच म्हणत असे, आणि तिचा नवराही त्याच शब्दांनी निरोप घेई, कारण कानडीत प्रथमपुरुषी क्रियापदास लिंगभेद नाही. तो दिसतो तृतीयपुरुषात, ‘बरुत्ताने’ तो आणि ‘बरुत्ताळे’ ती. एका बांधावर पिढ्यान्‌पिढ्या नांदताना आमच्या बायकांचे ‘येतो’ याच शेजारातून आले असावे, असे मला मनोमन वाटते.

इंग्रजी शिकविण्याचा पेशा पत्करल्यावर त्या ‘एस’चाही दाखला सापडला. तो मूळचा इंग्लंडच्या उत्तरेकडील प्रांतिक बोलीतला. लंडनच्या ग्रंथभाषेत मान्य होते ते ‘गोएथ’, आणि १६११ सालच्या बायबलात ते जुने रूपच कायम आहे. ज्या रूपापायी माझ्या वहीवर रेघा उमटल्या, तेही एके काळी गावंढळच होते.

गुरुजनहो, सीमाभागातली एखादी मुलगी वर्गात ‘येतो मी’ म्हणाली, तर परीक्षेपुरते तिला ‘येते’ अवश्य शिकवा. पण तिच्या आईची मराठी अशुद्ध आहे, असे तिला सांगू नका.