पन्नास गुणांचं देणं

माझ्यावरचं सगळ्यात जुनं ऋण दिल्लीतल्या एका वकिलाचं आहे. एम. सी. मेहता त्यांचं नाव. त्यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून सक्तीनं शिकवा. त्याच आदेशात चित्रपटगृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या स्लाइड दाखवाव्यात असंही होतं. स्लाइडचं पुढं काय झालं ते थिएटरवाल्यांना ठाऊक. अभ्यासक्रमाचं घोडं मात्र अडलं ते अडलंच. मेहतांनी पुन्हा कोर्ट गाठलं, आणि जुलै २००४ मध्ये एनसीईआरटीनं आखलेला अभ्यासक्रम सगळ्या राज्यांनी राबवावा असा हुकूम झाला. या साऱ्या भानगडीचं फळ म्हणून २०१२ च्या जूनमध्ये, श्रीगोंद्यात अकरावी सायन्सच्या वर्गात मी बसले तेव्हा, वेळापत्रकाच्या शेवटच्या तासाला ‘पर्यावरण शिक्षण’ असं लिहिलेलं होतं.

साडेसहाशेतले पन्नास गुण. फिजिक्स-केमिस्ट्रीवाले त्या तासाला जर्नल पूर्ण करायचे, बायोलॉजीवाले सीईटीच्या वह्या काढायचे. विषयाला स्वतंत्र शिक्षक नव्हता. कला शाखेला भूगोल शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात तो बांधला होता. प्रकल्पांचं तर विचारूच नका. झेरॉक्सच्या दुकानात ‘जागतिक तापमानवाढ’ तयार मिळायचं. आपलं नाव टाकायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं, झालं. मुखपृष्ठावर बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल. वर्गातल्या निम्म्या प्रकल्पांवर तेच अस्वल. सरांनी गठ्ठा चाळला आणि वरच्या प्रकल्पाच्या मालकाला उभं केलं. ‘काय रे, हे कुठं पाहिलंस? मांडवगणात?’

वर्ग हसला. सरांनी सगळा गठ्ठा परत केला.

ते वर्ष साधं नव्हतं, हे इथं सांगायला हवं. आमचा तालुका मुळातच पर्जन्यछायेतला, चांगल्या वर्षीही पाऊस बेताचा. २०१२ ला तोही नाही. दिवाळीनंतर नगर जिल्ह्यात चारा छावण्या उभ्या राहायला लागल्या. वर्गातली कितीतरी पोरं सकाळी छावणीत जनावरांना वैरण टाकून कॉलेजला येत होती, आणि कॉलेजात अस्वलाचा प्रकल्प देत होती. सरांचा राग समजण्यासारखा होता. त्यांनी फळ्यावर एकच ओळ लिहिली : तुमच्या घरचं पाणी कुठून येतं आणि कुठं जातं? ‘हाच प्रकल्प. पानं किती भरली ते मी बघणार नाही. मोजलंय काय, ते बघणार.’

मी नानांच्या विहिरीपाशी गेले ती अशी. नाना आमच्या बांधाला बांध असलेले. त्यांची लिंबाची बाग, थोडा ऊस आणि सात परस खोल विहीर. उभ्या माणसानं हात वर केले की होतो तो एक परस. आमच्याकडं जुनी माणसं विहीर अशीच मोजतात. मी काथ्याच्या दोरीला हात-हातावर गाठी मारल्या, टोकाला मोटारीचा जुना नट बांधला आणि धाकट्या भावाला घेऊन रोज विहिरीवर जायला लागले. नट पाण्याला टेकला की ‘टप्’ असा आवाज येतो. तिथं दोरी चिमटीत धरायची, वर ओढायची, ओली गाठ मोजायची, वहीत लिहायचं.

आकडे काही केल्या जुळेनात. एक दिवस पाणी दोन गाठी खाली, दुसऱ्या दिवशी वर, तिसऱ्या दिवशी पुन्हा खाली. पाऊस नाही, पाटाला पाणी नाही, मग पाणी चढतं कसं? नाना थारोळ्यावर बसून हे बघत होते. चार दिवस काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘पोरी, लाइट कधीची होती ते लिहिलंस का?’

मी नुसती बघत राहिले.

‘रात्रीची लाइट असली की मी रात्रभर मोटार चालवतो. सकाळी तू येतीस तवा विहीर दमलेली असती. दिवसाची लाइट असली तर रात्रभर झरे चालतात, विहीर भरून घेती. तू एकदा दमलेली मोजतीस, एकदा विसावलेली. मग जुळंल कसं?’

पुढं विद्यापीठात भूजलाच्या तासाला ‘स्थिर पातळी’ आणि ‘उपशाची पातळी’ या दोन गोष्टी आकृत्यांसह शिकवल्या, तेव्हा शेजारची मुलगी भराभर लिहून घेत होती. मला लिहायची गरज नव्हती. थारोळ्यावर बसून बिडी ओढणाऱ्या माणसाकडून ते माझं शिकून झालं होतं. त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला : लाइटची वेळ. मग नानांनीच आणखी एक वाढवायला लावला. विहिरीच्या कडेला वाकून त्यांनी थर दाखवले : वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, तळाला काळा पाषाण. ‘पाणी मांजऱ्यात. पाषाणात फकस्त भेग असंल तर. मांजऱ्या उघडा पडला की समज, आता उरलंय ते भेगंच्या भरवशावर.’ मार्चमध्ये मांजऱ्या उघडा पडला. त्यांनी उसावर पाणी सोडलं, बागेची छाटणी केली, झाडांच्या बुडाशी पाचट अंथरलं आणि विकतच्या टँकरनं लिंबं जगवली. किती पैसे गेले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मी मात्र वहीत ‘टँकर’ असा रकाना केला, तेव्हा त्यांनी तो खोडायला लावला. ‘ते पाणी इथलं नाही. इथल्या हिशेबात धरू नको.’

माझा प्रकल्प विहिरीवरच संपला असता, पण सरांना ते पुरेसं वाटलं नाही. ‘नानांची विहीर पाटाच्या पाझरावर चालते. पाट कुणाचा?’ पाट कुकडीचा, हे तालुक्यात शेंबडं पोरही सांगेल. कुकडीचा डावा कालवा जुन्नर तालुक्यातल्या येडगाव धरणापासून निघतो आणि पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातो. लांबी २४९ किलोमीटर. आणि वरचे लोक आपलं पाणी पळवतात, हे आमच्याकडं दुधासोबत पाजलं जातं. आवर्तन लांबलं की मोर्चा, रास्ता रोको, निवेदन. सगळ्याच पक्षांचं त्यावर एकमत. सरांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली, त्यावर तालुके लिहिले आणि विचारलं, ‘आपण कुठं?’

आपण मध्ये होतो. आमच्यापुढं कर्जत, करमाळा. म्हणजे वरच्यांबद्दल आम्ही जे बोलतो, तेच करमाळ्याच्या वर्गात आमच्याबद्दल बोलत असणार. वर्गाला ते काही फारसं रुचलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी ‘सर करमाळ्याचे हायेत का?’ असंही म्हटलं. सर होते तालुक्यातलेच.

त्यांनी मला एका पाटकऱ्यांकडं धाडलं. सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांकडं चारीच्या गेटची किल्ली, एक मळकी नोंदवही आणि जुनी सायकल होती. पाणी मागायचे नमुना नंबर सातचे अर्ज कसे भरतात, अर्जातलं क्षेत्र आणि प्रत्यक्षात भिजलेलं क्षेत्र यांत फरक का पडतो, कालव्यात रात्री कसे पाइप सुटतात, पट्टीवरचं माप कसं वाचतात, हे सगळं त्यांनी मला उन्हात उभं राहून दाखवलं. नोकरीची भीती असणाऱ्या माणसानं कॉलेजच्या पोरीला एवढं दाखवायची काहीच गरज नव्हती. मी विचारलं, की चूक कुणाची मग? ते म्हणाले, ‘ताई, वरचा शिव्या देतो लवकर बंद केलं म्हणून, खालचा देतो उशिरा आलं म्हणून. पाणी टेलला पोचत नाही; शिव्या मात्र पूर्ण दाबानं पोचतात.’

हे वाक्य मी प्रकल्पात घातलं होतं. सरांनी लाल पेनानं त्याखाली रेघ मारून ‘छान’ लिहिलं, आणि पुढं : ‘नाव टाकू नको.’ म्हणून अजूनही टाकत नाही.

हिवरे बाजारही सरांनीच दाखवलं. १९९४ ला आदर्श गाव योजनेत आलेलं, आमच्याच जिल्ह्यातलं, नगर तालुक्यातलं गाव. तिथं पाऊस किती झाला यावरून गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस-केळी नाही. परत येताना गाडीत सगळे भारावलेले. मला मात्र एक गोष्ट टोचत होती आणि ती आजही टोचते : हिवऱ्याचं पाणी हिवऱ्याच्याच डोंगरावर पडतं, म्हणून गावानं बसून ठरवलं की ठरतं. आमचं पाणी पाच धरणांतून, चार-पाच तालुक्यांच्या आमदारांच्या बैठकांतून येतं. श्रीगोंद्यानं एकट्यानं शहाणं होऊन भागत नाही. आदर्श गावांवर लिहिणारे बहुतेक जण या फरकाकडं डोळेझाक करतात. हिवरे बाजार घडवणाऱ्या पोपटराव पवारांच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवूनच हे म्हणते.

एका मेंढपाळ आजोबांचंही देणं आहे, पण ते थोडक्यात सांगते. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं ते सोलापूर आणि नगर मिळून साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात कर्जत, नेवाशाबरोबर श्रीगोंदाही होतं. पुढं ते आक्रसून १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. मधल्या काळात जमिनीच्या व्यवहारांत लोकांनी या पक्ष्याला जेवढे शिव्याशाप दिले, तेवढे क्वचितच कुठल्या पाखराच्या वाट्याला आले असतील. आजोबांनी लहानपणी माळावर तो चालताना पाहिला होता. त्याबद्दल ते फार बोलले नाहीत. ते बोलले गवताबद्दल. कुसळी कधी खायला घालायची, मारवेल कुठं राखायचा, पवन्या का कमी झाला. सरकारी भाषेत जी ‘पडीक जमीन’ होती, तिच्यात त्यांना दर पंधरा दिवसांनी वेगळं ताट वाढलेलं दिसायचं.

बारावीनंतर पर्यावरणशास्त्र शिकायला पुण्याला गेले. घरी वाटत होतं बीएस्सी ॲग्री करावं, म्हणजे नोकरी तरी लागेल. पुण्यात पहिल्याच वर्षी मुळा-मुठेच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं प्रात्यक्षिक झालं. आकडा इतका कमी, की बाईंनी दोनदा करायला लावलं. ही नदी पुढं भीमेला मिळते आणि भीमा आमच्या पेडगावच्या किल्ल्याला लागून जाते. तिथं नदीचं पाणी गडावर चढवायला बांधलेल्या हत्तीमोटेचे अवशेष अजून आहेत. आता त्या काठावरून खाली बघावं तर कितीदा नुसती हिरवीगार जलपर्णी. तेव्हा मी पुणेकरांवर यथेच्छ तोंडसुख घेऊ शकले असते, हॉस्टेलात काही दिवस घेतलंही. पण सरांची ती रेघ डोक्यात बसलेली. रेघेवर आता मी वर होते. माझं आंघोळीचं, कपड्यांचं पाणीही त्याच वाटेनं पेडगावला जात होतं.

आता माझं काम भूजलाचंच आहे. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आम्ही गावोगावच्या मुलांना ती दर आठवड्याला मोजायला शिकवतो. लाइटच्या वेळेचा रकाना आमच्या तक्त्यात आहे. तो कुठून आला असं प्रशिक्षणात कुणी विचारलं तर मी नानांचं सांगते. सर निवृत्त झाले. माझा एखादा लेख छापून आला की त्यांचा फोन येतो. कौतुक अर्धा मिनिट, मग चुका. विषयही आता बदललाय. त्याचं नाव ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ झालं, आणि पन्नास गुण जाऊन श्रेणी आली. झेरॉक्सवाल्यानं अस्वल काढून तुषार सिंचनाचं चित्र टाकलंय म्हणतात.

अवघड जातं ते नानांच्या घरी. नाना गेल्यावर मुलानं शेततळं केलं. प्लास्टिकचा कागद अंथरलेलं मोठं तळं, आणि ते तो पावसावर भरत नाही, हिवाळ्यात विहिरीतून उपसून भरतो. उन्हाळ्यात हस्त बहराच्या लिंबाला पैसे चांगले होतात, त्यासाठी. कागदावर मी अशा तळ्यांविरुद्ध लिहिलेलं आहे : जमिनीतलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, ते वाफेनं उडतं आणि शेजारच्या विहिरी तळाला जातात. हे नानांच्या घरी, काकूंनी दिलेला चहा हातात घेऊन बोलायचं कसं? शेजारची विहीर आमचीच आहे. त्या घराचं मीठ आणि त्या विहिरीचं ज्ञान, दोन्ही खाल्लेलं.

तरी एकदा बोलले. तो रागावला नाही. म्हणाला, ‘ताई, तुमचं खरं आहे. पण नाना टँकरला किती देत होते, माहितीय का तुम्हाला?’ आणि आकडा सांगितला. नानांनी खोडायला लावलेला रकाना असा दहा वर्षांनी भरला. मग आम्ही दोघं विहिरीवर गेलो, पातळी मोजली, तळ्यात किती पाणी उडत असेल त्याचा ढोबळ हिशेब मांडला. तळ्यावर सावलीची जाळी टाकायची, तळं निम्म्यावरच थांबवायचं, ऊस मोडायचा, असे तीन मार्ग निघाले. जाळी महाग पडली. निम्म्यावर थांबवणं त्याला जमलं नाही. ऊस मात्र त्यानं मोडला. माझ्या सांगण्यावरून नाही. त्या साली तोड वेळेवर आली नाही, ऊस शेतातच वाळला, आणि तो म्हणाला, बास.