पानामागचे राखणदार

श्रावणात धरणगावच्या काळ्या रानात कपाशी कमरेला लागू पाहते. बालकवी १८९० साली जन्मले ते याच गावात. श्रावणाची हिरवाई त्यांनी मराठी मनात कायमची रुजवली. त्या हिरवाईतले एकच पान हलक्या हाताने उलटावे. खाली मावा दाटलेला असतो, चिकट्याने पान चकाकत असते. अन् तिथेच पिवळ्या, उभ्या अंड्यांचा पुंजका दिसतो. तो ढालकिड्याचा. पिल्लांना जन्मताच घास मिळावा, एवढी जाण त्या इवल्या मातेला आहे.

क्रायसोपा या दुसऱ्या मित्रकीटकाचे अंडे केसाएवढ्या देठावर अधांतरी डुलते. त्याची अळी भावंडांनाही सोडत नाही, देठामुळे शेजारची अंडी तिच्यापासून वाचतात. ट्रायकोग्रामा ही परोपजीवी गांधीलमाशी तर मिलिमीटरभरही नाही. बोंडअळीच्या अंड्यात ती आपले अंडे ठेवते. बोंडअळीचे अंडे काळे पडते, अळी जन्मतच नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी पोखरली, तेव्हा बोंडात शिरलेल्या अळीपुढे फवारा हतबल ठरला. हा कणाएवढा जीव मात्र अळी अंड्यात असतानाच तिला गाठतो.

समुद्रजीव पाळणाऱ्यांच्या काचेच्या टाकीतही सृष्टीची हीच रीत चालते. ॲप्टेशिया नावाचे समुद्रफूल प्रवाळांना डंख करत पसरते. खुडले तर उरल्या तुकड्यातून पुन्हा वाढते. बर्गिया ही चिमुकली समुद्री गोगलगाय ॲप्टेशियावरच जगते. ते संपले की तिची उपासमार होते.

कपाशीतही राखणदाराचे पोट किडीवरच चालते. म्हणून जाणता शेतकरी बांधाकडेने चवळी लावतो. चवळीवर मावा येतो, त्यामागे ढालकिडे येतात, तिथे पोसतात आणि कपाशीत उतरतात. मावा दिसताच जहाल औषध फवारले तर दोघेही मरतात. मग नराविनाही वाढणारा मावा आधी परततो, आणि त्याला अडवणारे कुणी उरलेले नसते.

आपला हक्क सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. या जिवांचे नाव कुठल्याच उताऱ्यावर नाही, तरी आपल्याआधीपासून हे रान त्यांनी राखले आहे. त्यांचा मान ठेवायचा तर पंप पाठीवर घेण्याआधी पाने उलटून पाहावीत, किडीबरोबर मित्रकीटकही मोजावेत, आणि ते पुरेसे असतील तर पंप घरीच ठेवावा.