प्लेट मारली, वजन तेवढंच

जीपवाल्या पोरांना हौसिंगला प्लेट मारायची भारी हौस. डोंगरात गाडी आपटते, मागचा एक्सल वाकतो, मग खालून जाड पट्टी वेल्ड करून घेतात. घेऊ देत, हौसेचा मामला आहे. मी बोलतोय ते पोटापाण्याच्या गाडीबद्दल. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या ओल्या काळ्या रानातून दोन ट्रॉल्या ओढत बाहेर पडणारा ट्रॅक्टर, आपल्याकडची खरी ऑफरोड गाडी तीच.

आमचा ट्रॅक्टर सात हंगाम ऊस वाहतोय. तिसऱ्या हंगामात मागच्या हौसिंगला चीर गेली. आधी नुसतं ऑइल पाझरायचं, त्यावर धूळ बसून काळी रेघ दिसायची. ड्रायव्हर म्हणाला, "मालक, सील गेलं असंल." पुसून बघितलं तर बोल्टाच्या भोकापासून केसाएवढी चीर निघालेली.

ट्रॅक्टरचं हे हौसिंग बहुतेक बिडाचं असतं. (हंगामात बीड म्हटलं की आम्हाला आधी टोळी आठवते, ते बीड वेगळं.) 1910 ला किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हापासून ओतकामाचं लोखंड या भागाच्या ओळखीचं. बीड दाब सोसतं, पण वाकत नाही, तडकतं. साधा रॉड मारून ते धरत नाही. आधी तापवायचं, चिरेच्या टोकाला भोक पाडून ती थांबवायची, निकेलच्या रॉडनं भरायचं आणि राखेत नाहीतर चुन्यात हळूहळू निवू द्यायचं. घाई केली की जोडाशेजारी नवी चीर. ट्रॉलीचा एक्सल पोलादी, त्याला प्लेट चांगली बसते. पण प्लेट जिथं संपते तिथं ताण गोळा होतो, अन् पुढच्या खेपेला तिथंच तुटतं. आम्ही शेवटी हौसिंगच बदललं.

आता चीर का जाते ते बघा. वाहतुकीचे पैसे मिळतात टनावर. ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर, त्यात मुकादमाला दिलेली लाखांची उचल. टोळी आलीच नाही तर ती बुडाली. मग खेपेला चार मोळ्या जास्तच चढतात, याला कोण काय करणार? त्यात पाणंद अशी की एक चाक चाकोरीत, दुसरं बांधावर. सगळा पीळ हौसिंगवर येतो. सरकारनं 2021 ला मातोश्री पाणंद रस्ते योजना आणली, नाव चांगलंय. आमच्या पाणंदीत अजून दुसरा ट्रॅक्टर पुढं जोडल्याशिवाय भरलेली ट्रॉली निघत नाही.

बरं, हे नुसतं मालकाचं दुखणं नाही. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 रस्त्यांची मोठी चाचणी झाली होती. त्यातून निघालेला ढोबळ हिशेब असा: एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज सोळापट. नुसतं वीस टक्के जास्त भरलं तरी झीज दुप्पट. म्हणजे हौसिंगला प्लेट मारून आपण जो भार पचवतो, तो खाली डांबराला जातो. आणि मोडलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला दिव्याविना उभी राहते, मागून दुचाकीवाला येतो. पुढचं लिहीत नाही, तुम्ही बातम्या वाचताच.

कायदा आहे. 2019 च्या दुरुस्तीनं जादा वजनाला 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. पण हा दंड बसतो गाडीवाल्याला, आणि तोही रस्त्यात कुणी अडवलं तर. खरं तर ऊस वाहतुकीत कुणी कुणाला पकडायची गरजच नाही. प्रत्येक खेप काट्यावर जाते, वजन पावतीवर छापून येतं. कुठल्या ट्रॉलीत किती जादा होतं, हे कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये हंगामभर पडून असतं. भेसळीच्या दुधाची नोंद डेअरीच्या वहीत असावी आणि तपासणी मात्र गिऱ्हाइकाच्या दारात व्हावी, तसला प्रकार.

हंगामाआधी ऊसदराची बैठक होते, त्यात वाहतुकीचा दर शेवटी दोन मिनिटांत उरकतात. यंदा तिथं दोनच गोष्टी मागा. खेपेचं वजन कायद्यात बसेल एवढ्यावर थांबवा, आणि त्या कमी वजनात हप्ता निघेल असा टनाचा दर द्या. नुसतं पहिलं मागितलं तर आम्ही वाहतूकवाले मरतो. नुसतं दुसरं दिलं तर ट्रॉल्या तशाच भरणार, हे मी वाहतूकवाला असून सांगतोय.