घरची मोटार शर्यतीस जाते

पुतण्या घरची मोटार पहिल्यानेंच ऑटोक्रॉसच्या शर्यतीस नेणार, हें ऐकून वडील मंडळी बिचकली; तें स्वाभाविकच होतें. आमच्या जोह्याच्या घरीं मोटार एकच. सोमवारीं तीच वहिनींना पेणच्या दवाखान्यांत नेणार. परंतु या खेळांत एका वेळीं एकच गाडी शंकूंनीं आखलेल्या वळणांतून घड्याळाशीं स्पर्धा करते. शंकू पाडल्यास दंडाचे सेकंद वाढतात. अधिकृत स्पर्धांवर १९७१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासंघाची देखरेख असते. तयारीस नवें इंजिन नको. सुटें सामान काढावें, चाकांचे नट आवळावे, टायरांतील हवा व ब्रेकचें तेल पाहावें, शिरस्त्राण घालावें. ब्रेक आधीं, वेग मागाहून, एवढीच अट मीं घातली. दरसाल शाडूची मूर्ति सोंडेस धक्का न लागूं देतां मुंबईस पोंचविणाऱ्या हातांना वळण हळुवार घेणें निराळें शिकवावें लागत नाहीं.